पथ्य थोरलीचं, पोट धाकटीचं

सोडतीत थोरलीला पथ्य लागलं आणि धाकटीला जेवण. नेमकं उलटं व्हायला हवं होतं, हे दोघी बहिणींना ऐकताक्षणी कळलं. पण सोडत कॉम्प्युटरने काढली होती, त्यामुळे भांडायला समोर कोणी नव्हतं. समोर बसली होती ती दवाखान्यातली तरुण आहारतज्ज्ञ. तिच्या हातात दोन पाकिटं होती आणि चेहऱ्यावर निकाल लावून मोकळं झालेल्या माणसाचं हसू होतं.

थोरलीला सगळे ताई म्हणत. तिची बेकरी होती. पहाटे भट्टी पेटली की ताईचा दिवस सुरू होई, आणि पहिल्या घाण्यातला पहिला पाव मोडून, वाफ फुंकून, तोंडात टाकल्याशिवाय ती दुकानाची फळी उघडत नसे. मीठ बरोबर आहे का ते बघते, असं ती सांगे. मीठ बघायला अख्खा पाव लागतो का, हे तिच्या नवऱ्याने लग्नानंतर एकदाच विचारलं होतं.

धाकटी ती काऊ. हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायची आणि उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही ‘का?’ विचारायची. पोर आहे की कावळा, असं आई एकदा वैतागून म्हणाली आणि तेव्हापासून ती काऊ झाली. आता तिने पंचेचाळिशी ओलांडली होती, वजनमापे कार्यालयात ती निरीक्षक होती, तिला रस्त्याच्या टोकाला बघूनच दुकानदार तराजूची पारडी पुसायला घेत. पण बेकरीच्या वरच्या मजल्यावर, बहीण आणि भाऊजींच्या घरात, ती काऊच होती.

आईने जाताना थोरलीला बेकरी दिली आणि धाकटीला पुस्तकांचं कपाट दिलं. तिसरी एक गोष्ट तिने दोघींना समसमान दिली, पण ती काही तिने हौसेने दिलेली नव्हती. आईच्या किडन्यांमध्ये पाण्याच्या बारीक बारीक पिशव्या होत्या, द्राक्षाच्या घडासारख्या. त्या वर्षानुवर्षं फुगत गेल्या आणि किडन्यांना काम करायला जागाच उरली नाही. शेवटची काही वर्षं आईने रक्त गाळणाऱ्या मशीनला जोडलेल्या खुर्चीत काढली. एक दिवस ताई सोबतीला बसायची, एक दिवस काऊ. पुढे दोघींची तपासणी झाली, तेव्हा दोघींच्याही किडन्यांत तेच घड निघाले. ताईने रिपोर्ट पाहिला, पाकिटात घातला आणि कणीक मळायला गेली. काऊने मात्र डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की पुढचे पेशंट दारातून डोकावू लागले.

त्या प्रश्नांमधूनच हा अभ्यास उपटला. शरीराला साखर आणि पीठ मिळालं नाही की ते चरबी जाळायला घेतं, आणि त्या जळणाची खूण रक्तात दिसते, तिला केटोन म्हणतात. किडनीतल्या या पिशव्या साखरेच्या जळणावर पोसतात, चरबीवर त्यांचं भागत नाही, असं उंदरांमध्ये दिसलं होतं. माणसांत काय होतं ते अजून नक्की कोणाला माहीत नव्हतं. म्हणून डॉक्टर माणसं गोळा करत होते. निम्म्यांनी पाव, भात, साखर, बटाटा सोडून लोणी, अंडी, चीज, तेल, पालेभाजी आणि भरपूर पाणी यांवर राहायचं. उरलेल्या निम्म्यांनी रोजचं जेवण जेवायचं. शेवटी सगळ्यांच्या किडन्या मोजायच्या. ‘नक्की कोणाला माहीत नाही’ हे शब्द ऐकल्यावर काऊला घरी बसवणं अशक्य होतं. एकटी कशी जाऊ, म्हणून तिने ताईलाही ओढून नेलं. आणि तिथे हे असं झालं.

आपल्याला अदलाबदल करता येईल का, असं काऊने तिथल्या तिथे विचारलंच. आहारतज्ज्ञ म्हणाली, “नाही हो मावशी. ज्याला जे आवडतं ते त्याने घेतलं तर मग आम्हाला कळणार काय? आवडणारे लोक मुळातच वेगळे असतात.” उत्तर इतकं बरोबर होतं की काऊला पुढचा ‘का’ सुचेना.

ताईने पथ्य मनापासून सुरू केलं, याबद्दल तिला दोष देता येणार नाही. पहिल्या दिवशी तिने तीन अंडी खाल्ली आणि भट्टीकडे पाठ करून पाव काढले. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ती गल्ल्यावर बसली आणि गिऱ्हाइकांवर खेकसली. पुढे गिऱ्हाइकं सांगू लागली की बनमध्ये मीठ जास्त झालंय, नंतर म्हणू लागली मीठच नाही. चाखणारं तोंडच बंद होतं, त्याला कोण काय करणार. आठवडा सरायच्या आत एका दुपारी काऊ पिठाच्या खोलीत गेली, तर ताई मैद्याच्या पोत्यांमागे उभी राहून गरम पाव खात होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पाव गरम होता म्हणूनच असं म्हणता आलं नसतं.

“काऊ,” ती तोंडातला घास सावरत म्हणाली, “तुला जे हवंय ते मला मिळालंय आणि मला जे हवंय ते तुला. यात अवघड काय आहे?”

“अवघड काहीच नाही. खोटं आहे.”

“आपलं रक्त एकच ना? डॉक्टर स्वतःच म्हणाले. मग पथ्य कुठल्या घशातून खाली गेलं, याने काय फरक पडतो?”

काऊने आयुष्यभर दुकानदारांच्या तोंडून असल्या सबबी ऐकल्या होत्या आणि एकदाही मान डोलावली नव्हती. पण रिकाम्या डब्यासारखी बहीण समोर उभी होती, आणि आतून तो जुना कावळा ओरडत होता: बघू तरी काय होतंय. त्या संध्याकाळी ताई पाव आणि बटाट्याची भाजी जेवली, आणि काऊने लोण्यात परतलेली अंडी खाल्ली. भाऊजींनी दोन्ही ताटांकडे पाहिलं, पण ते मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन्हीकडचं थोडं थोडं वाढून घेतलं.

आता अडचण होती ती बोटाची. पथ्यावरच्या माणसाने रोज सकाळी बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावायचा आणि आकड्याचा फोटो दवाखान्यात पाठवायचा, असा नियम होता. काऊ बोट देई, ताई फोटो पाठवी. काऊ पथ्य इतकं काटेकोर पाळत होती की आकडे सुरेख येऊ लागले. तिकडून शाबासकीचे निरोप येत आणि ताई ते मोठ्याने वाचून दाखवी. पहिले दोन-तीन निरोप तिने जरा ओशाळून वाचले. पुढचे तिने चष्मा लावून, सावकाश वाचले.

मग आहारतज्ज्ञने नवीन टूम काढली. लोकांचे फोटो धूसर येतात, तेव्हा आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर समोरच बोट टोचून दाखवायचं. शेवटी ताईनेच तोड काढली. कणीक मळताना घालायचा भाऊजींचा मोठा पांढरा डगला तिने अंगावर चढवला, आपला उजवा हात आत पोटाशी धरला आणि उजवी बाही रिकामी ठेवली. काऊ तिच्या पाठीमागे स्टुलावर अंगाची घडी करून बसली आणि तिने आपला हात त्या बाहीतून टेबलावर सोडला. समोरून पाहिलं तर ताई जरा लठ्ठ दिसत होती, एवढंच.

कॉल लागला. ताई बोलायला लागली. पण तिला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नसे, त्यामुळे डावा हात हवेत नाचत होता आणि उजवा टेबलावर मेल्यासारखा पडला होता. हात बधिर झालाय का, असं आहारतज्ज्ञने काळजीने विचारलं. ताईने तो डाव्या हाताने चोळला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. मग तिने सुई उचलली. डाव्या हाताची सवय नव्हती, अंदाज चुकला आणि सुई चांगली खोल गेली. ताईचा चेहरा जसाच्या तसा शांत राहिला, पण तिच्या पाठीतून स्पष्ट आवाज आला, “आई गं.”

“दुखलं का मावशी?”

“छे. मुळीच नाही.”

“आवाज आला ना.”

“भट्टीचा,” ताई म्हणाली. “जुनी झालीय आता.”

तेवढ्यात भाऊजी बनचा ट्रे घेऊन आत आले. आपल्या डगल्यातली आपली बायको त्यांनी समोरून पाहिली, मग बाजूने पाहिली. मागे स्टुलावर दुमडलेली मेहुणी पाहिली. त्यांनी ट्रे हळूच खाली ठेवला आणि पाऊल न वाजवता बाहेर गेले. दुपारी जेवताना मात्र त्यांनी विचारलं, “बेकरीत डगले कमी पडतायत का? अजून एक शिवून आणतो.”

कॉल निभावला होता. आकडा नेहमीसारखाच सुरेख आला होता. आहारतज्ज्ञ म्हणाली की एवढ्या दिवसांत असा पेशंट पाहिला नाही, बेकरीत राहून पावाला हात नाही म्हणजे काय. ताईने लाजून मान खाली घातली. पाठीमागे काऊ बोट चोखत होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला बहिणीचा हेवा वाटत होता. भूक आपण मारायची, लोणी आपण गिळायचं, बोटं आपली चाळणीसारखी व्हायची, आणि कौतुक पाव खाणारीचं.

पण खरी पंचाईत दुसरीकडूनच आली. या आहारात माणसाच्या श्वासाला एक वास येतो, जास्त पिकलेल्या फळांसारखा. तो ज्याचा त्याला येत नाही. बाजारातल्या एका धान्य दुकानदाराचा काटा काऊने तपासला, काट्यात खोट निघाली आणि तिने त्याला दंड केला. दंड करताना ती काट्यावर वाकली होती आणि दुकानदारही वाकला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कार्यालयात तक्रार दिली की निरीक्षक बाई भर दुपारी पिऊन येतात.

साहेबांनी काऊला बोलावलं. ते भले गृहस्थ होते, त्यामुळे त्यांनी आधी खिडकी उघडली आणि मग विषय काढला. तिने आहाराचं कारण सांगितलं. साहेबांनी खणातली पेपरमिंटची गोळी पुढे केली. काऊ म्हणाली, साखर चालत नाही. साहेबांनी मान हलवली, पण त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते असं होतं की पिणारी माणसं कुठल्याही थराला जाऊन सबबी सांगतात. शेवटी ते म्हणाले, “माझा विश्वास आहे हो तुमच्यावर. फक्त एक करा, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून आणा की हा वास पथ्याचा आहे. म्हणजे तक्रार निकालात काढता येईल.”

काऊ तडक दवाखान्याकडे निघाली आणि पायऱ्यांवर येऊन थबकली. डॉक्टर काय लिहून देणार? त्यांच्या दप्तरी ती रोजचं साधं जेवण जेवत होती. पथ्यावर होती ती ताई, आणि ताईच्या तोंडाला वास येत होता ताज्या पावाचा. खरं सांगितलं तर अभ्यासातून हकालपट्टी, नाही सांगितलं तर कार्यालयात बदनामी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती पायऱ्या उतरली आणि परत कार्यालयात येऊन बसली.

तिच्या टेबलाच्या खालच्या खणात मखमलीच्या पेटीत पितळेची वजनं होती. गावातला प्रत्येक काटा या वजनांशी ताडून बघितला जाई. मन थाऱ्यावर नसलं की ती पेटी काढून एकेक वजन मऊ फडक्याने पुसत बसायची तिची सवय होती. त्या दिवशी पुसता पुसता तिचा हात थांबला. एखाद्या दुकानदाराने मापात मारलं तर त्याच्या गिऱ्हाइकांचं नुकसान होतं. पण या पेटीतलं वजनच कोणी कानशीने घासलं तर? मग गावातले सगळे काटे चुकतील, आणि प्रत्येक दुकानदार प्रामाणिकपणे चुकेल. आपण दोघींनी तेच केलं होतं. समजा या आहाराने खरंच गुण येत असला, तर शेवटच्या मोजणीत काऊची किडनी बरी निघेल आणि ती नोंदली जाईल साध्या जेवणाच्या नावावर. ताईची फुगलेली निघेल आणि ती पथ्याच्या नावावर. थोडक्यात, किडनीच्या दुखण्यावर बेकरीचा पाव गुणकारी आहे, असं शास्त्राने सिद्ध होईल. उद्या आईसारखी कोणी बाई यायची, तिला काय खाऊ असं विचारायचं असेल, आणि तिला उत्तर मिळेल ते या दोघींच्या स्वयंपाकघरातलं.

घरी येऊन तिने ताईला सांगितलं की आपण डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. ताई आरशासमोर उभी होती. आहारतज्ज्ञचा फोन येऊन गेला होता. अभ्यासातल्या सगळ्या पेशंटांचा मेळावा ठरला होता आणि त्यात ताईने चार शब्द बोलायचे होते, बेकरीत राहून पथ्य कसं पाळलं त्याबद्दल.

“मेळावा होऊ दे,” ताई म्हणाली. “मग सांगू.”

“ताई, तू काय बोलणार तिथे?”

“तू सांगशील ते. पाळलंयस तूच ना.”

काऊला राग यायला हवा होता. पण ताईला याआधी कोणी कधी बोलायला बोलावलं नव्हतं. शाळेत बक्षिसं काऊची, नोकरी काऊची, आणि ताईला पीठ. आरशातल्या त्या चेहऱ्याकडे बघून काऊ म्हणाली, बरं, मेळावा झाल्या झाल्या सांगू. मग रोज संध्याकाळी ती ताईला शिकवत बसली: डोकं दुखणं कधी थांबतं, भूक केव्हा मरते, पाणी किती प्यावं. ताईचं सगळं पाठ झालं. तिने नवी निळी साडी काढून ठेवली.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरचा हॉल भरला होता. पुढे डॉक्टर, बाजूला आहारतज्ज्ञ, समोर खुर्च्यांवर दोन्ही गटांतली माणसं. काऊ शेवटच्या रांगेत बसली. ताई उठली, माइकसमोर उभी राहिली आणि चांगली बोलली. डोकेदुखी सांगितली, पाणी सांगितलं, लोण्याचे प्रकार सांगितले. टाळ्या झाल्या. आता प्रश्न विचारा, असं आहारतज्ज्ञ म्हणाली.

मधल्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. तो बस कंडक्टर होता, थेट ड्यूटीवरून आलेला. तो म्हणाला की त्याच्या मोठ्या भावाला आठवड्यातून तीनदा मशीनवर न्यावं लागतं आणि तोच नेतो. त्याची स्वतःची वेळ अजून आलेली नाही. सोडतीत त्याला पथ्य लागलंय, मनापासून पाळायचं आहे, पण पाळता येत नाही आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

“तुम्ही तर दिवसभर त्यातच असता,” तो म्हणाला. “गरम पाव समोर आला की तुम्ही नक्की काय करता? मला खरं सांगा.”

याचं उत्तर काऊने ताईकडून पाठ करून घेतलं होतं: थंड पाणी प्यायचं, भट्टीकडे पाठ करायची, काकडी चावायची. ताईने तोंड उघडलं. त्या माणसाकडे बघितलं. त्याच्या खांद्याला अजून तिकिटांची पिशवी होती.

“खाते,” ताई म्हणाली.

हॉल हसला. कंडक्टरही हसला. आहारतज्ज्ञ सगळ्यांत मोठ्याने हसली.

“नाही, हसू नका,” ताई माइक धरून म्हणाली. “मी खरंच खाते. रोज खाते. तुम्हाला वाटतंय की या बाईला जमलं आणि मलाच जमत नाही. तर या बाईला पाच दिवससुद्धा जमलेलं नाही. आकडे माझ्या बहिणीचे आहेत. ती मागे बसलीय.”

सगळ्या माना मागे वळल्या. काऊ उभी राहिली. आयुष्यात तिने शेकडो दुकानदारांना ‘हे काय आहे?’ असं विचारलं होतं, पण त्या वेळी त्यांना आतून कसं वाटत असेल याची तिला तोवर कल्पना नव्हती. “जेवण मला लागलं होतं,” ती म्हणाली. “पथ्य मी केलं. चूक माझी जास्त आहे, कारण मला कळत होतं.”

आहारतज्ज्ञ खुर्चीवर बसली. मग दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी घसा खाकरला. ते म्हणाले, विषय निघालाच आहे तर सांगतो, मलाही साधं जेवणच लागलंय, पण संधी फुकट का घालवायची म्हणून मी घरी लोणीच खातो. त्यांच्या पलीकडची एक बाई म्हणाली की ती पथ्यावर आहे, अगदी कडक, फक्त रविवारी केक खाते, आणि तोही घरचाच असतो. कोणीतरी म्हणालं, घरचा चालतो का? मग एकेक हात वर जायला लागला.

डॉक्टर उठले आणि त्यांनी हॉलचं दार लावून घेतलं. आता हे सगळ्यांना झापणार, असं काऊला वाटलं. पण ते टेबलाच्या कडेला टेकले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“ज्यांना पथ्य दिलं त्यांच्यातल्या कित्येकांच्या रक्तात केटोन नाहीत, आणि ज्यांना दिलं नाही त्यांची वजनं उतरतायत,” ते म्हणाले. “मला वाटलं, यंत्रं बिघडली. दोनदा बदलून आणली मी.”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडलेल्या माणसाचा असतो तसा होता. अभ्यास पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागणार होता, या वेळी एका घरातली माणसं एकाच गटात ठेवून. ताई आणि काऊ मात्र त्यातून बाद झाल्या, त्याला इलाज नव्हता. काऊने जाताना डॉक्टरांना गाठलंच. माझ्या किडन्यांचं या काळात काय झालं, एवढं तरी सांगा, असं ती म्हणाली.

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“का?”

एवढ्या थोड्या काळात आणि एकट्या माणसावरून काही सांगता येत नाही, हे त्यांनी तिला समजावून दिलं, मग पुढच्या ‘का’चं उत्तर दिलं, मग त्याच्या पुढच्याचं. बरं वाटतंय ते पथ्याने की कौतुकाने, हेसुद्धा एकट्या माणसाला कळत नाही, असं ते म्हणाले. तिला पथ्य चालू ठेवायचं असेल तर अभ्यासाच्या बाहेर, त्यांच्या देखरेखीखाली आणि तपासण्या करत ठेवता येईल. आणि वासाबद्दलचं पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, तक्रार निकालात काढली आणि त्यानंतरही काऊ आत आली की सवयीने खिडकी उघडत राहिले. धान्य दुकानदाराने मात्र पुढच्या तपासणीला काटा चोख ठेवला होता. काऊ जायला निघाल्यावर त्याने तिला हळूच विचारलं की पोट कमी करायला हे पथ्य चालेल का.

दोन-तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञ बेकरीत आली. तिला बघून ताईने हातातला बन पाठीमागे लपवला आणि मग आपण आता मोकळ्या आहोत हे आठवून परत पुढे आणला. मुलगी बाकावर बसली. तिचा चेहरा उतरला होता. नवा अभ्यास सुरू झालाय, ती म्हणाली, पण परत तेच. सगळे सांगतात की आम्ही कडक पाळतो. कोण पाळतंय आणि कोण नाही, तिला चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. “मावशी,” ती म्हणाली, “तुम्ही आठवड्यातून एक दिवस माझ्याबरोबर बसाल का? कॉलवर, लोकांशी नुसतं बोलायला?”

काऊ गल्ल्यापाशी उभी होती. ती म्हणाली की तपासणी हे आपलं काम आहे, सरकारमान्य निरीक्षक आपण आहोत.

“हो, पण तुम्ही विचारलंत की लोक घाबरतात,” मुलगी म्हणाली. “घाबरले की आणखी खोटं बोलतात.”

भाऊजी पावावर लोणी फासायचा ब्रश धुवत होते. ते म्हणाले, “चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.” त्या महिन्यातलं त्यांचं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं.

ताई दवाखान्यात जायला लागली. पहिल्या दिवशी काऊही रजा टाकून गेली. तिला बघायचं होतं की ही करते तरी काय. दवाखान्यातल्या छोट्या खोलीत एक टेबल, त्यावर कॉम्प्युटरचा पडदा, आणि बाजूला आहारतज्ज्ञ. ताईने निळी साडी नेसली होती. पडद्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर आले, टाय लावून. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की पथ्य सुरू झाल्यापासून आपण पिठाच्या कणालासुद्धा शिवलेलो नाही. आहारतज्ज्ञने मान डोलावली. काऊलाही तो माणूस सच्चा वाटला. तिच्या अनुभवात टाय लावणारे सहसा मापात मारत नसत.

ताईने पथ्याचं नावच काढलं नाही. तिने त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. बायकोची तब्येत विचारली. मुलगी परगावी असते का, फोन करते का, हे विचारलं. एकटं जेवायचा कंटाळा येतो ना, असं म्हणाली. मॅनेजर हळूहळू खुर्चीत सैलावले. त्यांनी टायची गाठ ढिली केली आणि बायको माहेरी गेल्यापासून सकाळ कशी खायला उठते ते सांगू लागले. ताई ऐकत होती. मग सहज, गिऱ्हाइकाला विचारावं तशी ती म्हणाली,

“आजचा पाव काही ताजा नव्हता वाटतं?”

“छे हो, कालचाच,” मॅनेजर म्हणाले. “पण तव्यावर लोण्यात परतला की चांगला लागतो.”

मॅनेजरांचा हात टायच्या गाठीकडे गेला आणि तिथेच राहिला. आहारतज्ज्ञने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काऊ, जिने आजवर पेटी, वजनं आणि शिक्के घेऊन माणसांचं खोटं शोधलं होतं, ती बहिणीकडे नव्याच माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

“लोणी चालतं,” ताई मायेने म्हणाली. “आता पावाचं बोलू या.”